कॉलेज कुरूप दिसते, ते नेमके कशामुळे?

बारावीचा निकाल लागला की घराघरांत प्रवेशाची चर्चा सुरू होते. कोणती शाखा घ्यावी, गुणांची अट किती, वसतिगृह मिळेल का, बस कुठून सुटते, असे प्रश्न पालक विचारतात. विद्यार्थ्यांच्या आपापसांतील बोलण्यात मात्र आणखी एक प्रश्न हमखास असतो: कॅम्पस कसा आहे? त्याची उत्तरेही ठरलेली असतात. कोणते महाविद्यालय सरकारी कचेरीसारखे वाटते, कोणते गोदामासारखे, कुठे भोवती चहाची टपरीसुद्धा नाही, तर कुठे फाटकाबाहेर पाऊल टाकताच महामार्ग लागतो. समाजमाध्यमांवर देशातील सर्वांत सुंदर आणि सर्वांत कुरूप महाविद्यालयांच्या याद्या फिरतात आणि प्रवेश घेण्यापूर्वीच मुले त्या चाळतात.

ज्येष्ठांना ही चर्चा उथळ वाटते. शिकायला जायचे की छायाचित्रे काढायला, असा त्यांचा सवाल असतो. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. उत्तम अध्यापन साध्या खोलीतही होते आणि चकचकीत इमारतीत सुमार अध्यापनही होते. तरीही आयुष्यातील तीन ते पाच वर्षे, दिवसाचे सहा-सात तास जिथे घालवायचे, त्या जागेविषयी सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने मत बनवणे स्वाभाविक आहे. ते मत धुडकावण्याऐवजी उलगडून पाहिले, तर त्यातून पुष्कळ काही हाती लागते. विद्यार्थी ज्याला ‘कुरूप’ म्हणतात, त्यात वास्तुकाराचा वाटा थोडा असतो. देखभालीचा, पावसाचा, अंतराचा आणि कोणाच्याच ताब्यात नसलेल्या मधल्या जागांचा वाटा मोठा असतो. गोव्यापुरते पाहिले तर हे अधिकच स्पष्ट दिसते.

मनातले चित्र कुठून आले?

देखण्या महाविद्यालयाचे एक चित्र आपल्या मनात पक्के आहे. मुंबई विद्यापीठाचा फोर्टमधील परिसर आणि त्यातील राजाबाई टॉवर, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील कला शाखेचा भव्य घुमट, हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातील कला महाविद्यालयाची दगडी इमारत ही त्या चित्राची मूळ रूपे. उंच कमानी, रुंद जिने, कोरीव दगड आणि समोर मोकळे मैदान असा हा थाट आहे.

या इमारती कशा उभ्या राहिल्या, हे विसरून चालणार नाही. राजाबाई टॉवरसाठी प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या धनाढ्य व्यापाऱ्याने पैसा दिला. बडोद्यात गायकवाडांचा आणि हैदराबादेत निजामाचा राजाश्रय होता. त्या वास्तूंमध्ये वर्ग भरावेत एवढाच त्यांचा हेतू नव्हता. संस्थानाचे किंवा शहराचे वैभव दिसावे, हाही होता. तेथे शिकणाऱ्यांची संख्या आजच्या मानाने अगदी मर्यादित होती. आजच्या महाविद्यालयांना हीच फूटपट्टी लावली, तर जवळजवळ प्रत्येक महाविद्यालय कुरूपच ठरेल. शिक्षण मूठभरांपुरते न राहता सर्वांपर्यंत पोहोचू लागले, तेव्हा इमारतींचे रूप बदलणे अपरिहार्य होते.

गोव्यात हा बदल फार थोड्या अवधीत घडला. पोर्तुगीज राजवटीत पणजीच्या आल्तिनो टेकडीवर लिसेव होते आणि १८४२ साली स्थापन झालेली वैद्यकीय शाळा मांडवीच्या काठी होती. परंतु कला, विज्ञान किंवा वाणिज्य शाखेच्या पदवीसाठी गोमंतकीय विद्यार्थ्याला मुंबई, पुणे, बेळगाव किंवा धारवाड गाठावे लागे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि पुढच्याच वर्षी, १९६२ साली, पणजीत धेंपे महाविद्यालय आणि मडगावात चौगुले महाविद्यालय सुरू झाले. १९६३ साली म्हापशाला सेंट झेवियर्स आणि १९६४ साली नुवेला कार्मेल महाविद्यालय आले. ही महाविद्यालये प्रथम मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. १९८५ साली गोवा विद्यापीठाचे कामकाज सुरू झाल्यावर ती त्याच्या छत्राखाली आली.

दोन-अडीच दशकांत एका प्रदेशाने शून्यातून उच्च शिक्षणाची घडी बसवली. अशा वेळी पहिली गरज वर्गखोल्यांची, प्रयोगशाळांची आणि ग्रंथालयाची असते. आरसीसीचा सांगाडा, मध्ये लांब मार्गिका, तिच्या दोन्ही बाजूंना सारख्या आकाराच्या खोल्या आणि वर सपाट स्लॅब हा देशभर रुळलेला नमुना स्वस्त पडतो, लवकर उभा राहतो आणि त्यावर पुढे आणखी मजला चढवता येतो. पुढे गावोगावी उभ्या राहिलेल्या शिक्षणसंस्थांच्या इमारतींवर याच नमुन्याची छाप आहे. आजच्या पिढीला त्या नीरस वाटतात. त्या काळच्या पालकांना मात्र त्यांत आपल्या मुलीला पदवीसाठी घर सोडावे लागणार नाही, एवढे दिसत होते आणि ते पुरेसे होते.

एकाच इमारतीविषयी दोन मते

मग प्रख्यात वास्तुकाराने बांधलेला परिसर सर्वांना सुंदर वाटतो का? अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे उदाहरण येथे बोलके आहे. अमेरिकी वास्तुकार लुई कान यांनी बाळकृष्ण दोशी आणि अनंत राजे यांच्या साह्याने घडवलेला हा उघड्या विटांचा परिसर जगभरच्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांसाठी जणू तीर्थक्षेत्र आहे. डिसेंबर २०२० मध्ये संस्थेने तेथील १८ जुन्या वसतिगृहांपैकी १४ पाडून नवी बांधण्याचा विचार पुढे आणला. त्यावर देशविदेशातील वास्तुकारांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी एवढा विरोध केला, की जानेवारी २०२१ च्या आरंभीच तो प्रस्ताव मागे घ्यावा लागला. हा वाद त्यानंतरही पूर्णपणे मिटला नाही.

यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे दोन्ही पक्ष खरे बोलत होते. विरोध करणारे त्या वास्तूच्या कमानींविषयी, सावल्यांविषयी, वर्तुळाकार खिडक्यांविषयी बोलत होते. संस्था गळणाऱ्या छपरांविषयी, तडकलेल्या भिंतींविषयी आणि तेथे राहणाऱ्यांच्या सुरक्षिततेविषयी बोलत होती. बाहेरून येऊन पाहणाऱ्याचे मत आणि रोज त्या जागेत वावरणाऱ्याचे मत, ही दोन वेगळी मते असतात. पाहुण्याला आकार दिसतो, तर राहणाऱ्याला ओल दिसते. महाविद्यालयांच्या सौंदर्याविषयीचे बरेचसे वाद निष्फळ ठरतात, ते हा फरक नीट न केल्यामुळे.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर जगभर उघड्या काँक्रीटच्या इमारतींची लाट आली. काँक्रीटवर गिलावा किंवा रंग न चढवता त्याचा मूळ पोत तसाच राखायचा, ही त्या शैलीची भूमिका होती. विद्यापीठांनी ती उत्साहाने स्वीकारली, कारण ती आधुनिक वाटत होती आणि तिच्यात राजवाड्याचा डौल नव्हता. आज जगात जिथे कुरूप विद्यापीठांच्या याद्या होतात, तिथे या शैलीतील परिसर हटकून आढळतात. त्यांतील कित्येक इमारती मूळ आराखड्यात विचारपूर्वक योजलेल्या होत्या. मात्र या शैलीला डाग लपवता येत नाहीत. रंगवलेली भिंत पुन्हा रंगवता येते. उघड्या काँक्रीटवर पडलेला काळा ओघळ तसाच राहतो. कोरड्या हवेत जे भारदस्त दिसते, तेच दमट हवेत दहा वर्षांत कळाहीन होते.

तीन हजार मिलिमीटरचा हिशेब

गोव्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या पूर्वजांनी घरे बांधताना हा आकडा मोजला नसेल. पण त्याचा अर्थ त्यांना ठाऊक होता. उतरती कौलारू छपरे, भिंतीपासून बरेच पुढे आलेले वासे, जमिनीपासून उंच उचललेले जोते, पावसाची झड अंगावर घेणारी सोप्याची किंवा बलकांवाची जागा, ही सारी त्या पावसाची उत्तरे होती. चिऱ्याची भिंत भिजली तरी लवकर वाळावी, पाणी तिच्या अंगावरून न वाहता दूर पडावे, हा त्यामागचा विचार होता.

सपाट स्लॅबच्या इमारतीत हा विचार मागे पडला. गच्चीवर साचलेले पाणी उताराअभावी तिथेच मुरते. खिडकीवरील छज्जे आखूड असतात. छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तुटून खाली पडावे म्हणून एक बारीक खाच ठेवायची असते. ती राहून गेली की पाणी कड ओलांडून भिंतीवर उतरते. त्या ओल्या पट्ट्यावर शेवाळ धरते, उन्हाळ्यात ते वाळून काळे पडते आणि पुढच्या पावसात त्यावर नवा थर चढतो. इमारतीच्या तोंडावर दिसणारे काळे ओघळ हे अशा एका छोट्या खाचेच्या अभावाचे फळ असते.

त्याहून गंभीर प्रकार आत घडतो. किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत काँक्रीटच्या भेगांतून ओल सळ्यांपर्यंत पोहोचली की लोखंड गंजते. गंजलेले लोखंड फुगते आणि भोवतीचे काँक्रीट आतून ढकलते. मग खांबाचे कोपरे फुटतात, छताचे पापुद्रे सुटतात, सळ्या उघड्या पडतात. विद्यार्थ्याला ते कुरूप दिसते. अभियंत्याच्या दृष्टीने ती धोक्याची सूचना असते. म्हणजेच येथे कुरूपतेची तक्रार ही सुरक्षिततेची पहिली तक्रार असते आणि ती ‘दिसण्यावर काय जाता’ म्हणून झटकणे महागात पडू शकते.

गळती थांबली नाही की पुढचा उपाय येतो तो पत्र्यांचा. स्लॅबवर लोखंडी कैच्या उभारून निळे किंवा हिरवे पत्रे घातले जातात. पेडण्यापासून काणकोणपर्यंत कोणत्याही शहरात नजर टाकली, तरी शाळा, महाविद्यालये, गृहनिर्माण संस्था आणि सरकारी इमारतींवर हे पत्रे दिसतात. आपण सपाट छप्पर बांधले आणि पावसाने आपल्याला त्यावर पुन्हा उतरते छप्पर घालायला लावले. तेच छप्पर मूळ आराखड्यात असते, तर खर्चही वाचला असता आणि इमारतीला रूपही आले असते. नव्या इमारतीचा आराखडा मंजूर करणाऱ्यांनी हा एवढा धडा घेतला, तरी पुढच्या पिढीची अर्धी तक्रार मिटेल.

शहरातून पठारावर

इमारतीइतकीच तक्रार भोवतालाविषयी असते, आणि गोव्यात या भोवतालाला एक विशिष्ट इतिहास आहे. येथील उच्च शिक्षण हळूहळू शहरातून पठारावर गेले. मांडवीकाठचे वैद्यकीय महाविद्यालय १९९०च्या दशकात बांबोळीला हलले. पणजीतील त्याची जुनी इमारत २००४ साली भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला, तेव्हा डागडुजी होऊन महोत्सवाच्या परिसराचा भाग बनली. गोवा विद्यापीठाला ताळगाव पठारावर सुमारे ४२७ एकर जागा मिळाली. चित्रकार आणि वास्तुकार सतीश गुजराल यांच्या कल्पनेतून तो परिसर आकारास आला. फोंड्याजवळ फर्मागुडीला अभियांत्रिकी महाविद्यालय, २००४ साली झुआरीनगरला बिट्स पिलानीचा परिसर, अशी ही यादी वाढत गेली.

याची कारणे व्यवहारी होती. शहरात जागा नव्हती, खाजनाच्या आणि भातशेतीच्या जमिनीला हात लावणे योग्य नव्हते आणि पठारे ‘मोकळी’ होती. पण पठाराला शहराची सावली नसते. मांडवीकाठी शिकणारा विद्यार्थी वर्ग सुटला की पाच मिनिटांत बाजारात, वाचनालयात, उपाहारगृहात पोहोचत असे. शहर हेच त्याच्या महाविद्यालयाचे दुसरे आवार होते. पठारावरच्या विद्यार्थ्याला फाटकाबाहेर रस्ता आणि रस्त्यापलीकडे पुन्हा पठारच दिसते. परिसर कितीही विस्तीर्ण असला, तरी ‘भोवती काहीच नाही’ ही तक्रार म्हणूनच निघते.

यात पठारावर एक अन्यायही होतो. मार्च ते मे या काळात जांभ्याचे पठार करपलेले, ओसाड दिसते, हे खरे. परंतु त्याच जमिनीवर पावसाळ्यात गवत आणि नाजूक रानफुले उगवतात. साताऱ्याजवळचे कास पठार ज्या फुलांसाठी प्रसिद्ध आहे, तेही जांभ्याचेच पठार आहे. उथळ मातीचा तो थर काढून त्यावर बाहेरची लाल माती टाकायची, हिरवळ लावायची आणि उन्हाळाभर टँकरने पाणी घालायचे, हा सुशोभीकरणाचा मार्ग खर्चिक तर आहेच, शिवाय तो निसर्गाच्या विरोधात जाणाराही आहे. काजू, जांभूळ, करवंद अशी इथली झाडे-झुडुपे वाटांच्या कडेने वाढू दिली आणि उरलेले पठार पठारच राहू दिले, तर सावलीही मिळेल आणि परिसराला स्वतःचा चेहराही राहील.

भोवतालाचा प्रश्न सर्वांना सारखा जाचत नाही, हेही नोंदवले पाहिजे. ज्याच्याकडे दुचाकी आहे, त्याला पठार ही केवळ दहा मिनिटांची बाब असते. कदंब बसवर अवलंबून असलेल्या मुलीला मात्र निवारा नसलेल्या थांब्यावर, दिवा नसलेल्या रस्त्याच्या कडेला, भर पावसात उभे राहावे लागते. ग्रंथालय सातपर्यंत उघडे असले तरी शेवटची सोयीची बस साडेपाचची असेल, तर तिच्यापुरते ते साडेपाचलाच बंद होते. परिसर कुरूप आहे असे ती म्हणते, तेव्हा तिच्या मनात भिंतीचा रंग नसतो. तो थांबा असतो.

मधली जागा कोणाची?

महाविद्यालयाच्या प्रत्येक खोलीला कोणीतरी वाली असतो. प्रयोगशाळेचा प्रमुख असतो, ग्रंथालयाचा ग्रंथपाल असतो, कार्यालयाचा अधीक्षक असतो. दोन इमारतींमधली वाट, जिन्याखालचा कोपरा, फाटकापासून दारापर्यंतचा रस्ता, उपाहारगृहामागची जागा यांचा मात्र कोणी धनी नसतो. मग मोडकी बाके जिन्याखाली रचली जातात, जुने संगणक मार्गिकेत येतात, बांधकामातून उरलेले चिरे वर्षानुवर्षे तिथेच पडून राहतात. एके काळी ज्या अंगणात विद्यार्थी बसत, तिथे दुचाक्या उभ्या राहू लागतात. त्यांना ऊन लागू नये म्हणून पत्र्याची शेड येते. शेडसाठी झाड तोडले जाते. फाटकावर स्पर्धांचे, अभिनंदनाचे, प्रवेशाचे फलक एकावर एक चढतात. यातला एकही निर्णय कुरूपतेसाठी घेतलेला नसतो. प्रत्येक निर्णय त्या दिवसापुरता सोयीचा असतो. त्यांची बेरीज तेवढी कोणी करत नाही.

नवे अभ्यासक्रम सुरू होतात, तशी जागेची ओढाताण वाढते. फर्मागुडीच्या परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालयाबरोबरच राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेने अनेक वर्षे काढली. २०२४ साली तिच्या कुंकळ्ळी येथील स्वतंत्र संकुलाचे उद्घाटन झाले. २०१६ साली सुरू झालेल्या आयआयटीचे वर्गही तात्पुरती सोय म्हणून फर्मागुडीलाच भरू लागले. एका संस्थेसाठी आखलेल्या आवारात दुसरी-तिसरी संस्था सामावून घ्यावी लागते, तेव्हा सर्वांत आधी आक्रसते ती हीच मधली जागा.

मधल्या जागेचे महत्त्व काय असते, हे शिकागोने मोठी किंमत मोजून शिकून घेतले. तेथील इलिनॉय विद्यापीठाचा परिसर १९६५ साली सुरू झाला. वास्तुकार वॉल्टर नेत्श यांनी इमारतींना जोडणारे दगडी पादचारी मार्ग जमिनीपासून एक मजला वर उचलले होते. कल्पना धाडसी होती. प्रत्यक्षात वरचा मार्ग वाऱ्यावर उघडा पडला आणि त्याच्या खालची जमीन काळोखी व निर्जन झाली. तीस वर्षांच्या आतच, १९९०च्या दशकात, ते उन्नत मार्ग पाडून टाकण्यात आले आणि खालच्या जमिनीवर गवत, झाडे व बसण्याच्या जागा आल्या. नेत्श यांच्या बहुतेक इमारती होत्या तिथेच राहिल्या, बदलली ती त्यांच्यामधली जागा.

सवयीचा जिव्हाळा आणि झाडाची खिडकी

येथे एक आक्षेप येतो. ज्या महाविद्यालयाला पहिल्या वर्षी नावे ठेवली, त्याच महाविद्यालयाच्या आठवणीने माजी विद्यार्थी गहिवरतात, मग ही कुरूपता खरी कशी? मानसशास्त्रात याचे उत्तर आहे. रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली दाखवून दिले, की एखादी गोष्ट केवळ वारंवार नजरेसमोर आल्यानेही माणसाला ती अधिक आवडू लागते. शिवाय जिथे मैत्री जुळली, जिथे पहिले भाषण केले, जिथे पहिल्यांदा नापास झालो, त्या जागेशी आठवणी बांधल्या जातात. हा जिव्हाळा खरा आहे. पण तो विद्यार्थ्यांनी स्वतः निर्माण केलेला असतो. त्याचे श्रेय गळक्या छपराला देता येत नाही.

परिसराचा मनावर आणि शरीरावर परिणाम होतो, याचा पुरावाही जुना आहे. रॉजर उलरिच या संशोधकाने १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्यांची त्याने तुलना केली. प्रत्येक जोडीतील एकाच्या खिडकीतून झाडे दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणारे रुग्ण सरासरीने लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. रुग्णालय आणि महाविद्यालय एक नव्हे. तरीही खिडकीबाहेर काय दिसते, हा प्रश्न चैनीचा नाही, एवढे यावरून म्हणता येते.

‘शांतिनिकेतनात तर झाडाखाली वर्ग भरत, इमारतीचे काय एवढे’, असे अनेकदा ऐकवले जाते. हा दाखला खरे तर उलट्या बाजूने लागू पडतो. रवींद्रनाथांनी १९०१ साली तेथे शाळा काढली, तेव्हा झाड ही इमारतीच्या अभावाची तडजोड नव्हती. झाड, सावली, मोकळे आभाळ हाच त्यांच्या शिक्षणविचाराचा भाग होता आणि तो काळजीपूर्वक जोपासलेला होता. आपण मात्र इमारतही साधी बांधतो आणि झाडही राखत नाही.

थोडक्या खर्चाचे उपाय

परिसराची काळजी घेण्याची आपल्याकडे एक ठरलेली वेळ असते. नॅकची समिती येणार असे कळले की रंगकाम निघते, कुंड्या येतात, फलक पुसले जातात. आजवरच्या मूल्यांकनातील सात निकषांपैकी एक पायाभूत सुविधांचा असल्याने हे समजण्यासारखे आहे. पण समिती गेली की कुंड्यांना पाणी घालायचे कोणी, हा प्रश्न उरतो. नव्या इमारतीसाठी निधी मिळतो, तिची कोनशिला बसते, उद्घाटनाची छायाचित्रे छापून येतात. गच्चीतील पन्हळ साफ करण्याचे उद्घाटन कोणी करत नाही. देखभालीला प्रतिष्ठा नाही आणि म्हणून तिला पैसाही नाही, हे कुरूपतेचे सर्वांत साधे कारण आहे.

म्हणूनच पहिला उपाय हिशेबाच्या वहीतला आहे. महाविद्यालयाच्या वार्षिक अंदाजपत्रकात देखभालीची स्वतंत्र तरतूद हवी आणि ती दुसऱ्या कामाकडे वळवण्यास मुभा नसावी. मे महिन्यात गच्ची, पन्हळी आणि गटारे साफ करणे, छज्जांच्या खाचा तपासणे, उघड्या पडलेल्या सळ्यांची अभियंत्याकडून पाहणी करून घेणे, ही कामे शेतकऱ्याच्या पेरणीपूर्व मशागतीसारखी नेमाने व्हायला हवीत.

दुसरा उपाय मधल्या जागेला धनी देण्याचा आहे. एका शिक्षकाच्या आणि काही विद्यार्थ्यांच्या छोट्या समितीकडे वाटा, अंगणे आणि बसण्याच्या जागा सोपवाव्यात. वाहने कुठे उभी राहतील आणि कुठे नाही, हे तिने ठरवावे. सावलीतील चार दगडी बाकांना भित्तिचित्रापेक्षा खर्च कमी येतो आणि उपयोग अधिक होतो. स्वच्छ, पाणी असलेली स्वच्छतागृहे आणि दिव्यांगांसाठी उतरण यांनाही परिसराच्या सौंदर्यातच मोजावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर उतरण ही कृपा राहिलेली नाही.

तिसरा उपाय फाटकाबाहेरचा आहे आणि तो एकट्या महाविद्यालयाच्या हातात नाही. बसथांब्याला निवारा आणि दिवा, ग्रंथालयाच्या वेळेशी जुळणारी बसची वेळ, रस्ता ओलांडण्याची सुरक्षित जागा यांसाठी पंचायत किंवा नगरपालिका, कदंब महामंडळ आणि महाविद्यालय यांनी एकत्र बसावे लागेल. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या, आत तंबाखूजन्य पदार्थांच्या विक्रीस मनाई केली आहे. तिची अंमलबजावणी व्हावीच. मात्र त्या नावाखाली भजी-पाव आणि चहाचा गाडा हुसकावणे म्हणजे परिसर अधिक ओसाड करणे होय. विद्यार्थी थांबतात, तिथेच त्यांना खायला मिळावे, झेरॉक्स काढून मिळावी, बोलायला जागा मिळावी. महाविद्यालयाला शहराची जी सोबत पठारावर गमवावी लागली, तिचा थोडासा अंश असा परत मिळवता येतो.

महाविद्यालय देखणे आहे की नाही, हे ठरवण्यासाठी मग छायाचित्रांच्या यादीची गरज उरत नाही. एक साधी कसोटी पुरेशी आहे. शेवटचा तास संपल्यानंतर, सायंकाळी पाच वाजता, स्वतःच्या इच्छेने तिथे किती विद्यार्थी रेंगाळलेले आहेत, ते मोजावे. तास संपताच आवार रिकामे होत असेल, तर तिथे फक्त अभ्यासक्रम पूर्ण होतो. गटागटाने बसलेली, वाद घालणारी, नाटकाची तालीम करणारी, वाचणारी मुले तिथे दिसत असतील, तर भिंतीला काळे ओघळ असले तरी ते महाविद्यालय जिवंत आहे. आणि मग ते ओघळ पुसणे हे आपले, मोठ्यांचे, काम आहे.